ज्यांचं ऑपरेशन झालं नाही, त्यांचं काय झालं?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढून दोन-तीन वर्षं झालेली असतात. केमो संपलेली, वजन परत आलेलं, माणूस कामावर जाऊ लागलेला. मग नेहमीच्या तपासणीत सीटी स्कॅनवर फुप्फुसात एखाददोन गाठी दिसतात. घरचे पुन्हा फाईल घेऊन ओपीडीत बसतात आणि त्यांना सांगितलं जातं : "गाठी काढता येण्यासारख्या आहेत. काढल्या तर शंभरातले चाळीसएक जण पाच वर्षं जगतात. नाही काढल्या तर पाचही जगत नाहीत." हे ऐकल्यावर कोणती बायको, कोणता मुलगा नको म्हणेल?

माझा वाद या विधानाशी आहे. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग चाचणीत खोटा ठरला आहे. आणि दोन्ही भाग शेजारी ठेवले की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप जो निष्कर्ष उमटतो, की ही माणसं ऑपरेशनमुळे जगली, तो आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत आजवर कोणीही सिद्ध केलेला नाही. तरी तो जगभर सांगितला जातो, पाठ्यपुस्तकांत छापला जातो, आणि त्याच्या भरवशावर माणसं छाती उघडायला तयार होतात.

आधी पहिला भाग घेऊ. तो कुठून आला? या विषयावरचा सर्वांत मोठा दस्तऐवज १९९७ साली प्रसिद्ध झाला. युरोप, अमेरिका आणि कॅनडामधल्या अठरा शस्त्रक्रिया विभागांनी मिळून फुप्फुसातल्या दुय्यम, म्हणजे दुसरीकडच्या कॅन्सरमधून आलेल्या, गाठींच्या ऑपरेशनांची नोंदवही तयार केली होती. इटलीचे उगो पास्तोरिनो हे तिचे प्रमुख लेखक. ५,२०६ रोग्यांची नोंद तिच्यात आहे. सगळ्या गाठी पूर्ण निघाल्या त्यांच्यापैकी ३६ टक्के पाच वर्षं जगले, २६ टक्के दहा वर्षं, २२ टक्के पंधरा वर्षं. हे आकडे मोठे आहेत आणि प्रामाणिकपणे गोळा केलेले आहेत. आतड्याच्या कॅन्सरपुरतं पाहिलं तर पुढच्या काळातल्या बऱ्याच रुग्णालयांनी चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंतचे आकडे दिले. सर्जन आपल्याला जे सांगतात ते इथून येतं.

पण त्या नोंदवहीत एक रकानाच नाही. तिच्यात प्रवेश मिळायची अट एकच होती, ऑपरेशन झालेलं असणं. ज्यांच्या गाठी अशाच होत्या, तब्येतही अशीच होती, पण ज्यांचं ऑपरेशन काही कारणाने झालं नाही, त्यांच्यातले किती जण पाच वर्षांनी जिवंत होते? हा प्रश्न तिला विचारताच येत नाही. ३६ ही संख्या कशाशी ताडून पाहायची, हे तिच्यात कुठेच नाही.

यावर उत्तर मिळतं की तुलनेची गरजच काय, पसरलेल्या कॅन्सरमध्ये इतकी माणसं इतकी वर्षं जगतात हाच पुरावा. इथे थोडं थांबून या ऑपरेशनसाठी कोणाला निवडतात ते पाहायला हवं. निकषांची परंपरा जुनी आहे. मेयो क्लिनिकच्या सर्जननी ते १९६५ साली नीट मांडले आणि तेच थोड्याफार फरकाने आजही चालतात. मूळ जागचा कॅन्सर आटोक्यात असावा. फुप्फुसाबाहेर कुठेही काही नसावं. माणसाची तब्येत छाती उघडणं सोसण्याइतकी चांगली असावी. प्रत्यक्ष व्यवहारात यात आणखी भर पडते : गाठी थोड्या असाव्यात, शक्यतो एकच, पहिल्या ऑपरेशननंतर बराच काळ काही न होता गेलेला असावा, रक्तातलं सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा माग देणारं प्रथिन, वाढलेलं नसावं. यातली प्रत्येक अट शहाणपणाची आहे. मी सर्जन असतो तर याच अटी लावल्या असत्या. पण यातली प्रत्येक अट अशाच रोग्याला पुढे आणते, ज्याचा कॅन्सर मुळात सावकाश चालणारा आहे आणि ज्याचं शरीर धडधाकट आहे. असा रोगी काहीही न करता किंवा फक्त औषधांवरही इतरांपेक्षा जास्त जगणार. नव्वद टक्क्यांच्या वर गुण असणाऱ्यांनाच प्रवेश देणारा क्लास निकालाच्या दिवशी पेपरात पानभर जाहिरात देतो, तेव्हा त्या निकालात शिकवण्याचा वाटा किती हे आपण विचारतोच. इथे तोच प्रश्न विचारला की तो उद्धटपणा ठरतो.

नोंदवहीतले बारकावे हाच संशय वाढवतात. गाठ तीन वर्षांनंतर उगवली असेल तर माणूस जास्त जगतो, एकच गाठ असेल तर जास्त जगतो. हे आकडे कॅन्सरचा स्वभाव सांगतात. सुरीचं कर्तृत्व त्यांत दिसत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऑपरेशन झालेले लोक आणखी जास्त जगल्याचे लेखही येत असतात, आणि त्यावरून पुन्हा पुन्हा काढत राहावं असा सल्ला निघतो. पण तिसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचायलाच तेवढी वर्षं जगावं लागतं. जे मधेच गेले ते 'तीन वेळा ऑपरेशन' या गटात मोजलेच जात नाहीत. स्कॅन जितका बारीक, तितकी गाठ लवकर सापडते; लवकर सापडली की त्या दिवसापासून मोजलेली वर्षंही वाढतात, मृत्यूची तारीख तीच राहिली तरी.

आता दुसरा भाग. "नाही काढल्या तर पाचही जगत नाहीत." हा आकडा कुठल्या तुलनेतून आला? कुठल्याच नाही. शरीरभर कॅन्सर पसरलेल्या सगळ्या रोग्यांचे जे ढोबळ आकडे पूर्वी उपलब्ध होते, ज्यांत यकृत गाठींनी भरलेले आणि अंथरुणाला खिळलेले रोगीही होते, ते उचलून या निवडक, हिंडत्या-फिरत्या माणसांच्या शेजारी ठेवले गेले. स्वीडनमधले तोर्केल ओबेरी आणि त्यांचे सहकारी १९८० सालीच विचारत होते की या ऑपरेशनचा परिणाम ही वस्तुस्थिती आहे की कल्पना. त्यांचं ऐकून घेतलं गेलं, आणि ऑपरेशनं वाढत राहिली.

या प्रश्नाला सरळ भिडायचं धाडस ब्रिटनमध्ये झालं, आणि तेही एका सर्जनने केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. टॉम ट्रेझर हे आयुष्यभर छाती उघडण्याचं काम केलेले सर्जन. कर्करोगतज्ज्ञ फर्गस मॅकबेथ यांच्यासोबत त्यांनी 'पल्मिक' ही चाचणी उभी केली. आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात गेलेले, ऑपरेशन शक्य असलेले रोगी. ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांनाच खात्री नाही आणि रोगी राजी आहे, अशांची विभागणी संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची. एका गटाच्या गाठी काढायच्या, दुसऱ्याच्या नाही. केमो आणि बाकीचे उपचार दोन्ही गटांना खुले. भरती २०१० च्या डिसेंबरपासून २०१६ च्या अखेरपर्यंत चालली. ५१२ जण अभ्यासात आले, पण चिठ्ठीला तयार झाले फक्त ९३.

२०२० साली या ९३ जणांचा हिशेब आला. ऑपरेशन झालेल्या गटात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३६.४ टक्के. नोंदवहीतल्या ३६ च्या अगदी जवळ. म्हणजे या चाचणीतली माणसं आणि त्यांची ऑपरेशनं काही वेगळी नव्हती. आणि ज्यांच्या गाठी तशाच ठेवल्या त्यांच्यात? २९.६ टक्के. पाच नाही, शून्य नाही, जवळजवळ तीस. मधला जगण्याचा काळ, म्हणजे निम्मी माणसं ज्या मुदतीपर्यंत जिवंत होती तो, ऑपरेशनच्या गटात साडेतीन वर्षं आणि दुसऱ्या गटात ३.८ वर्षं. दोन गटांतला फरक योगायोगाने पडावा इतका लहान होता.

या निकालावर सर्जन मंडळींचा पहिला आक्षेप असतो की ९३ जणांची चाचणी फार लहान आहे. आक्षेप बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. इतक्या थोड्या माणसांवरून ऑपरेशनचा काहीच उपयोग नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर येण्यापासून ते दीडपटीने वाढण्यापर्यंत काहीही त्या आकड्यांत बसू शकतं. थोडा फायदा असेलही. ज्यांच्या बाबतीत सर्जनला पक्की खात्री होती ते रोगी चिठ्ठीपर्यंत आलेच नाहीत, हेही खरं. पण लहान चाचणीने एक गोष्ट मात्र कायमची निकालात काढली : न कापलेल्या माणसांतले पाच टक्केही जगत नाहीत, ही. ज्या पायावर 'पाच आणि चाळीस' अशी तुलना उभी होती तो पायच राहिला नाही. आता कोणी तो आकडा सांगत असेल तर त्याला चाचणीच्या लहानपणाचा आडोसा घेता येणार नाही. आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे? जो निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या छातीत सुरी घालायची म्हणतो त्याच्यावर. शंका घेणाऱ्यावर नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो. तो असा, की अशा चाचण्या करणंच अनैतिक आहे. काढता येणारी गाठ चिठ्ठीवर सोडून देणार का? या आक्षेपाचं उत्तर द्यायला लंडनला जायला नको, मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गेलं तरी पुरतं. स्तनाचा कॅन्सर शरीरात आधीच पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढली तर बाई जास्त जगते, असं मानलं जात होतं. २००२ साली सीमा खान यांनी अमेरिकेतल्या १६,०२३ रुग्णांच्या नोंदी तपासून तसं दाखवलंही होतं. त्या नोंदींतही निवड अशीच होती : ज्यांची तब्येत बरी, ज्यांचा कॅन्सर कमी पसरलेला, त्यांचीच ऑपरेशनं झालेली. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांची चिठ्ठीने विभागणी केली. २०१५ साली निकाल आला. ऑपरेशनच्या गटात मधला जगण्याचा काळ १९.२ महिने, ऑपरेशन न झालेल्या गटात २०.५. सोळा हजारांच्या नोंदींनी जो भास उभा केला तो साडेतीनशे बायकांच्या नीट केलेल्या चाचणीपुढे टिकला नाही. पुढे सीमा खान यांनी स्वतःच अमेरिकेत चाचणी चालवली आणि तिथेही जगण्यात फरक दिसला नाही. तुर्कस्तानातल्या एका चाचणीने दीर्घ पाठपुराव्यानंतर वेगळा कौल दिला हे सांगायला हवं. तिच्यातले दोन गट मुळात सारखे नव्हते, असा तिच्यावर आक्षेप आहे. परळमध्ये, रोजच्या प्रचंड गर्दीत, सातारा-जळगावहून येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बायकांना समजावून सांगून हे झालं. त्यांनी चिठ्ठीला होकार दिला. त्या होकारामुळे जगभरातल्या बायकांची एक निरुपयोगी ठरू शकणारी शस्त्रक्रिया वाचते आहे. तेव्हा 'असं करता येत नाही' हे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये.

ट्रेझर यांचं आणखी एक काम इथे आठवतं. फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या मेसोथेलिओमामध्ये अख्खं फुप्फुस आवरणासकट काढायचं अवाढव्य ऑपरेशन केलं जाई, आणि त्याच्याही बाजूने निवडक रोग्यांचे सुंदर आकडे होते. 'मार्स' या लहान चाचणीत ५० जणांची विभागणी केली. २०११ साली निकाल लागला तेव्हा ऑपरेशनच्या बाजूचे लोक कमी काळ जगलेले आढळले. त्याहून सौम्य शस्त्रक्रिया तरी चालेल म्हणून मोठी चाचणी झाली. २०२४ साली तिचा निकालही ऑपरेशनच्या विरोधात गेला.

आणि एक हरवलेली चाचणी. १९८२ साली ब्रिटनमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या १,४४७ रोग्यांवर सीईएची नजर ठेवायला सुरुवात झाली. सीईए वाढलं की चिठ्ठी : १०८ जणांच्या डॉक्टरांना कळवायचं आणि पुन्हा पोट उघडून शोधायचं, दुसऱ्या १०८ जणांच्या बाबतीत नेहमीप्रमाणे वाट पाहायची. १९९३ पर्यंत पहिल्या गटातले ९१ आणि दुसऱ्या गटातले ८८ जण दगावले होते. शोधून काढण्याचा फायदा झाला नव्हता. हा निकाल सविस्तर प्रसिद्धच झाला नाही. वीस वर्षांनी, २०१४ साली, ट्रेझर आणि सहकाऱ्यांनी तो कागदपत्रांतून बाहेर काढून छापला. त्या वीस वर्षांत सीईए बघून स्कॅन आणि स्कॅन बघून ऑपरेशन ही साखळी जगभर रुळून गेली होती. त्याच २०१४ साली १,२०२ जणांवरची दुसरी ब्रिटिश चाचणी आली. कडक तपासण्यांमुळे बरे करण्याच्या उद्देशाने होणारी ऑपरेशनं दोन टक्क्यांवरून सहा ते आठ टक्क्यांवर गेली. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. कडक तपासणीच्या गटांत १८.२ टक्के, साध्या तपासणीच्या गटात १५.९. या दोन्ही चाचण्या फक्त फुप्फुसाबद्दल नव्हत्या. पण लवकर शोधून काढलं की जगणं वाढतं, हे गृहीत दोन्हींतून निसटलं.

"पण मी स्वतः पाहिलेत की बरे झालेले रोगी," असं प्रत्येक ज्येष्ठ सर्जन सांगू शकतो, आणि ते खोटं सांगत नसतात. या साऱ्या कहाणीचा आरंभच तशा एका रोग्यापासून होतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९३३ साली एडवर्ड चर्चिल यांनी एका बाईच्या फुप्फुसातली गाठ काढली. गाठ मूत्रपिंडाच्या कॅन्सरची होती, मूत्रपिंडही काढलं गेलं. बार्नी आणि चर्चिल यांनी १९३९ साली ती हकीकत प्रसिद्ध केली. ती बाई त्यानंतर तेवीस वर्षं जगली आणि हृदयविकाराने गेली. कोणाही डॉक्टरचा आयुष्यभराचा विश्वास बसावा अशी ही घटना. पण मूत्रपिंडाचा कॅन्सर लहरी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या दुय्यम गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, क्वचित आपोआप विरूनही जातात. त्या बाईचं ऑपरेशन झालं नसतं तर काय झालं असतं, हे चर्चिलना कळण्याचा मार्ग नव्हता. एका माणसावरून ते कधीच कळत नाही. आणि ज्यांची गाठ काढल्यावर सहा महिन्यांत फुप्फुसं पुन्हा भरली ते रोगी कृतज्ञतेने दरवर्षी भेटायला येत नाहीत. नोंदवहीतल्या पूर्ण काढलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांचा कॅन्सर परत आला होता. यात आश्चर्य नाही. कॅन्सरच्या पेशी रक्तातून येतात. शिरांमधलं सगळं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांच्या जाळीतून जातं, म्हणून त्या तिथे अडकतात. स्कॅनवर दिसते ती गाठ कोट्यवधी पेशींची झालेली असते. तिच्याबरोबर आलेल्या आणि अजून न दिसणाऱ्या पेशी सर्जनच्या हाताला लागत नाहीत.

इथपर्यंत वाचून कोणी असा अर्थ घेईल की फुप्फुसात गेलेला कॅन्सर म्हणजे सुरी बाजूला ठेवा. तसं मला मुळीच म्हणायचं नाही, आणि इथे मी सर्जनांच्या बाजूने तितक्याच जोराने उभा आहे. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा घ्या. तो किशोरवयातल्या मुलांना गुडघ्याच्या आसपास होतो आणि सर्वांत आधी फुप्फुसात जातो. १९७० च्या आधी, प्रभावी केमो नव्हती तेव्हा, पाय कापूनही ऐंशी टक्क्यांच्या आसपास मुलं फुप्फुसातल्या गाठींनी जात. आज केमोच्या जोडीला फुप्फुसातली प्रत्येक गाठ काढली तर त्यांतली बरीच मुलं मोठी होतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. आणि ज्यांच्या गाठी काढता आल्या नाहीत त्यांचं काय होतं? तिथे उत्तर माहीत आहे : दीर्घकाळ जगलेल्यांत ती जवळजवळ सापडतच नाहीत. एकट्या केमोने या गाठी जात नाहीत. असा फरक समोर असताना चिठ्ठीचा आग्रह धरणं क्रूरपणा होईल. तिथला खरा प्रश्न गाठी कशा काढाव्या हा आहे, छाती उघडून हाताने चाचपून की दुर्बिणीतून. आणि त्यावर अमेरिकेत मुलांच्या कर्करोगतज्ज्ञांनी चिठ्ठीची चाचणी हाती घेतलीच आहे. एखाद्या गावातल्या मुलाच्या बापाला 'फुप्फुसात गेलंय, आता घरी न्या' असं सांगितलं जात असेल तर ते आतड्याच्या कॅन्सरमधल्या खोट्या आशेपेक्षाही वाईट आहे.

वृषणाच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर फुप्फुसात उरलेली गाठ काढतात, कारण तिच्यात औषधाला न जुमानणारा टेराटोमा असू शकतो आणि तो वाढत राहतो. नोंदवहीतही याच रोग्यांचा आकडा सर्वांत चांगला होता, पाच वर्षांनी ६८ टक्के. उलट गर्भारपणातल्या वारेच्या पेशींतून उद्भवणारा कोरिओकार्सिनोमा फुप्फुसभर पसरलेला असतानाही बहुतेक वेळा औषधांनीच बरा होतो, १९५० च्या दशकापासून होत आला आहे. थायरॉइडच्या काही कॅन्सरांना किरणोत्सारी आयोडीन पुरतं. 'फुप्फुसात पसरलेला कॅन्सर' असा एकच आजार नसतो, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या रोग्याला ऐकवणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो.

आपल्याकडे तर आणखी एक कारण. फुप्फुसातली प्रत्येक गाठ दुय्यम कॅन्सर नसते. जुन्या क्षयाच्या गाठी सीटीवर तशाच दिसतात आणि पेट स्कॅनवर उजळूनही निघतात. कधी ती फुप्फुसाचाच नवा, पहिल्या टप्प्यातला कॅन्सर निघतो, आणि त्याला ऑपरेशनच हवं. निदानासाठी गाठ काढावी लागली तर ती काढावीच. मात्र सही घेताना ते निदानासाठी आहे असं सांगावं. आणि 'कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो' या गावोगावच्या समजुतीला माझ्या म्हणण्यात आधार शोधू नये. त्या समजुतीपायी वेळेवर होऊ शकणारी ऑपरेशनं टाळून किती माणसं गेली असतील याची गणती नाही.

रेडिएशनवाल्यांची बाजूही थोडक्यात. मोजक्या दुय्यम गाठींवर अचूक, तीव्र किरण देण्याची 'सेबर-कॉमेट' नावाची चाचणी ९९ जणांवर झाली. पाच वर्षांनी किरण घेतलेल्यांत ४२.३ टक्के जिवंत होते, न घेतलेल्यांत १७.७. गाठींवर थेट हल्ला करणाऱ्यांच्या हातातला हा सर्वांत चांगला पुरावा, आणि तो चिठ्ठीतून आलेला असल्यामुळे मी त्याला मान देतो. पण त्यात सगळ्या प्रकारचे कॅन्सर एकत्र होते, सावकाश चालणारे प्रोस्टेटचे रोगी किरणांच्या गटात जास्त पडले होते, आणि ६६ पैकी तिघांच्या मृत्यूला उपचारच कारण ठरले असावेत. नंतर केवळ स्तनाच्या कॅन्सरवर अशीच अमेरिकी चाचणी झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. तेव्हा तिथेही कॅन्सरागणिक वेगळी चाचणी लागणार.

शेवटचा युक्तिवाद सर्वांत मायेचा असतो : धोका एक टक्क्याच्या आसपास, दुर्बिणीतून केलं तर आठवड्याच्या आत घरी; मग आशा का हिरावून घेता? मृत्यूचा धोका खरंच कमी आहे. पण छाती उघडल्यावर बरगड्यांमधली दुखणी कित्येकांना महिनोन् महिने सोडत नाहीत. काढलेलं फुप्फुस परत येत नाही. जिना चढताना ते कळतं. केमो पुढे ढकलावी लागते. आणि इथे, जिथे बरीचशी ऑपरेशनं खाजगी रुग्णालयांत होतात, घरातला पीएफ निघतो, सोनं गहाण पडतं, जमिनीचा तुकडा जातो. ज्या घराला 'पाच आणि चाळीस' असं सांगितलं त्या घराला हा खर्च न करण्याचा पर्यायच ठेवलेला नसतो. 'तीस आणि छत्तीस, आणि हा फरक खरा आहे की नाही हे आम्हाला नक्की माहीत नाही' असं सांगितलं तर काही जण तरीही ऑपरेशन मागतील. मागू देत. तो त्यांचा हक्क आहे आणि तो निर्णय समजून घेतलेला असेल. काही जण म्हणतील, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, गाठ कशी वागते ते पाहू, केमोचं काय ते बघू. तेव्हा त्यांच्याकडे हार मानलेले म्हणून पाहू नये. पल्मिकच्या दुसऱ्या गटातही उपचार चालूच होते.

काय करता येईल हे फार अवघड नाही. ब्रिटनमध्ये चाचणी अडली ती रोगी आणि सर्जन चिठ्ठीला तयार होईनात म्हणून. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळं उभं आहे, देशभरातली शेकडो रुग्णालयं त्यात आहेत, आणि स्तनाच्या चाचणीचा अनुभव गाठीशी आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या, फुप्फुसात मोजक्या गाठी असलेल्या रोग्यांची मोठी चाचणी इथे होऊ शकते. जगात जिथे कुठे होऊ शकते त्यांत हे ठिकाण पहिल्या रांगेत आहे. ती होईपर्यंत प्रत्येक ट्यूमर बोर्डाने, म्हणजे रोग्याचे उपचार मिळून ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने, ऑपरेशनसाठी नाव पुढे आलेल्या, पण ऑपरेशन न झालेल्या रोग्यांचीही नोंद ठेवावी आणि पाच वर्षं त्यांचा माग घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. अशा चाचणीत येणाऱ्या महाराष्ट्रातल्या रोग्यांचा खर्च त्या योजनेने दोन्ही गटांसाठी उचलावा : ज्यांचं ऑपरेशन ठरेल त्यांच्या ऑपरेशनचा, आणि ज्यांचं ठरणार नाही त्यांच्या स्कॅनचा, केमोचा, आणि परळपर्यंत येण्या-जाण्याचाही.